शाफ्टसाठी अल्ट्रासोनिक यंत्र घ्यावे का? (कुपवाड एमआयडीसी)

शाफ्टवाला_कुपवाड:
आम्ही साखर कारखान्यांच्या मिल रोलरचे शाफ्ट तयार करतो. मागच्या ऑफ सीझनला १५० मिमी व्यासाच्या राउंड बारमध्ये जर्नलचे (बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागाचे) शेवटचे टर्निंग चालू असताना भेग उघडी पडली आणि चार दिवसांची मजुरी पाण्यात गेली. म्हणून माल मशीनवर चढवण्याआधीच अल्ट्रासोनिकने, म्हणजे आत ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी पाहून, तपासायचा आहे. बिडाची कास्टिंगही येतात. बजेट दीड लाख रुपये. कोणते यंत्र घ्यावे?

मिरज_फॅब्रिकेशन:
घ्यायचेच तर फेज्ड ॲरे (अनेक स्फटिकांनी आतले चित्र काढणारे यंत्र) घ्या. आमच्याकडे दोन वर्षांपासून आहे आणि वेल्डचा छेद पडद्यावर चित्रासारखा दिसतो. रक्कम दीड लाखाच्या कितीतरी पुढे जाते, पण ती वसूल होते.

फाउंड्री_सातारा:
बिडाचा विचार सोडून द्या. त्यातील ग्रॅफाइटवर ध्वनी विखुरतो आणि ४ मेगाहर्ट्झच्या प्रोबला (ध्वनी सोडून परत झेलणाऱ्या भागाला) पडद्यावर नुसते गवत, म्हणजे निरर्थक खुणांची गर्दी, उगवते. प्रोब १ मेगाहर्ट्झचा घेतला तर मागच्या पृष्ठाचा प्रतिध्वनी मिळू शकतो, पण तरंगलांबी चौपट झाल्याने लहान ब्लो होल (वायूमुळे राहिलेली पोकळी) निसटतात.

लेथ_सांगली:
यंत्र घेऊ नका, माणूस बोलवा, पण जाणकारच बोलवा. एका तपासनिसाने टोकाकडून प्रोब लावला, चावीच्या गाळ्याच्या कडेचा प्रतिध्वनी पाहिला, त्यालाच भेग समजला आणि माझा चांगला शाफ्ट भंगारात गेला. ड्रॉइंगवरचे अंतर पडद्यावरच्या अंतराशी ताडून पाहिले असते, तर हे घडलेच नसते.

मिरज_फॅब्रिकेशन:
त्यापेक्षा डाय पेनेट्रंट (भेगेत मुरणारा रंग लावून तपासणे) स्वस्त पडते.

तपासनीस_लेव्हल२:
डाय पेनेट्रंटने पृष्ठभागावर उघडलेलीच भेग दिसते, आणि यांची भेग तर आत होती. लेथवाल्यांप्रमाणे माझेही मत बाहेरून तपासणी करून घ्यावी असेच आहे. तरीही यंत्र घेतलेच, तर बारवरची खपली काढून रफ टर्निंग आधी करा, कारण खडबडीत पृष्ठावर ग्रीस लावूनही ध्वनी नीट आत शिरत नाही. साध्या प्रोबला पृष्ठालगतचे काही मिलिमीटर दिसतच नाहीत, त्यासाठी दोन स्फटिकांचा टीआर प्रोब लागतो. प्रोब परिघावरून आणि टोकावरून असा दोन्ही बाजूंनी फिरवा, कारण ध्वनीच्या दिशेला समांतर असलेली भेग जवळजवळ काहीच परतवत नाही. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो; व्ही-१ ठोकळ्याच्या (ठरावीक मापाच्या पोलादी ठोकळ्याच्या) २५ मिमी जाडीवर यंत्राचे माप जुळवून घेतल्याशिवाय कामाला हात घालू नका.

फाउंड्री_सातारा:
हेच म्हणतो, बिडाला नको.

शाफ्टवाला_कुपवाड:
सर्वांचे आभार. तरीही यंत्र घेतोच, कारण ऑफ सीझनला सगळे वर्कशॉप एकाच तपासनिसाची वाट पाहत बसतात आणि माल पडून राहतो. साधे यंत्र, टीआर प्रोब आणि व्ही-१ ठोकळा घेईन, मुलाला लेव्हल-२ च्या (तपासनिसाच्या पात्रतेच्या) वर्गाला पाठवीन. त्याचा वर्ग होईपर्यंत शंकास्पद बारचा निवाडा बाहेरच्या तपासनिसाकडूनच घेईन. कास्टिंगची जबाबदारी फाउंड्रीवर सोपवतो. नवा माल शनिवारी उतरेल. यंत्र येईपर्यंत त्याची टोके फेसिंग करून (लेथवर सपाट करून) ठेवतो.