‘खोटा संदेष्टा’ : यातला ‘खोटा’ कुठून आला?

प्रश्न : मत्तय ७:१५ मध्ये येशू म्हणतो, खोट्या संदेष्ट्यांपासून सांभाळा, वेश मेंढराचा, आत लांडगा. माझी आजी मात्र ‘भविष्यवादी’ म्हणायची. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच ना?

उत्तर : नाही, ताई. ‘भविष्यवादी’ म्हटलं की पुढचं सांगणारा डोळ्यांपुढे येतो, जवळजवळ ज्योतिषीच. ‘संदेष्टा’ हा ‘संदेश’चा सख्खा भाऊ. सम् + दिश् म्हणजे निरोप सांगणे. ‘उपदेष्टा’ बनतो तसाच ‘संदेष्टा’. म्हणजे दुसऱ्याचा निरोप पोचवणारा. म्हणून मला हाच शब्द नेमका वाटतो. जुन्या करारातल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, २३:२१ मध्ये, देवाची तक्रार हीच आहे : मी यांना पाठवलंच नाही, तरी हे धावत सुटले. भाकीत चुकणं पुढचं. निरोप कुणी दिलाच नव्हता, हे मूळ खोटेपण.

प्रश्न : पण पाठवलंय की नाही, हे ऐकणाऱ्याला कळणार कसं?

उत्तर : यिर्मयाचा २८ वा अध्याय वाचा. इ.स.पू. ५९४ च्या सुमाराची गोष्ट, यरुशलेमच्या मंदिरातली. गिबोनचा हनन्या सर्वांसमोर सांगतो : दोन वर्षांत बाबेलचं जू, म्हणजे बाबेलच्या राजाची सत्ता, मोडेल, मंदिरातून नेलेली भांडी परत येतील. कुणाला नको होतं ते! यिर्मयासुद्धा ‘आमेन’ म्हणतो, देव असंच करो म्हणतो. पण शांतीचं सांगणाऱ्याचं वचन खरं ठरेल तेव्हाच त्याला देवाने पाठवल्याचं कळेल, हेही बजावतो. बाबेलच्या सत्तेखाली राहा, याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर लाकडी जू घातलेलं असतं; मग हनन्या ते काढून मोडतो.

आता शब्द पाहा. मूळ हिब्रूत हनन्याही ‘नबी’, म्हणजे संदेष्टा, आणि यिर्मयाही ‘नबी’. ‘खोटा’ हे विशेषण हनन्याला कुठेच लावलेलं नाही. पुढे ग्रीक भाषांतरकारांनी पहिल्याच ओळीत त्याला ‘स्यूदोप्रोफेतेस’, म्हणजे ‘खोटा संदेष्टा’, करून टाकलं, आणि मत्तयाच्या ग्रीकमध्येही तोच शब्द आहे. तुमच्या प्रश्नातला ‘खोटा’ या वाटेने आला. ग्रीक वाचकाला निकाल आधीच हातात मिळतो. हिब्रू वाचक मात्र मंदिरातल्या त्या गर्दीत उभा राहतो : दोन नबी, दोन्ही ‘परमेश्वर म्हणतो’ असंच सुरू करतात, आणि एकाचं ऐकावंसं फार वाटतं.

प्रश्न : मग मराठीत हनन्यामागे ‘खोटा’ लावावं का?

उत्तर : मी लावणार नाही. ‘हनन्या संदेष्टा’ एवढंच ठेवीन.