आधी खेड्यातला खून की आधी इतिहास? नव्या वाचकाला कोणत्या रहस्यकादंबऱ्या द्याव्यात

रानवाटा

भाचीची बारावीची परीक्षा संपली. होम्स वाचून झालाय, आता रोज विचारते, "मावशी, पुढे काय वाचू?" वाचणाऱ्या मैत्रिणींना विचारलं तर बहुतेकींनी ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या सुचवल्या, आणि उम्बेर्तो इकोची 'द नेम ऑफ द रोझ' तर सगळ्यांत आधी. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, म्हणून धागा काढते आहे.

रहस्यकथेची मजा सुगावे ओळखण्यात आहे. सुगावा म्हणजे रोजच्या घडीत पडलेली सुरकुती, आणि ती दिसायला आधी घडी माहीत हवी. १३२७ सालच्या इटलीतल्या मठात एखादा भिक्षू रात्री ग्रंथालयाकडे गेला, तर ते वावगं की नेहमीचं, हे भाचीला कसं कळणार? लेखकालाच सांगावं लागतं. लेखकाने बोट दाखवलं की तो सुगावा उरत नाही, इतिहासाचा धडा होतो.

त्यापेक्षा ॲगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ॲट द विकरेज' (१९३०) घ्या. सेंट मेरी मीड हे खेडं, गावाला नकोसा झालेला एक कर्नल, आणि त्याचं प्रेत धर्मगुरूच्या अभ्यासिकेत. खून उलगडणाऱ्या मिस मार्पल या गावातल्या म्हातारीकडे भिंग नाही, प्रयोगशाळा नाही. समोरचा माणूस गावातल्या कुणासारखा वागतोय एवढं ती बघते. चाळीच्या गॅलरीत तांदूळ निवडत बसलेल्या माझ्या आजीला साऱ्या मजल्याची खबर असायची, ती याच पद्धतीने.

माझी यादी: 'विकरेज', मग डोरोथी सेयर्सची 'द नाइन टेलर्स' (१९३४, चर्चच्या घंटा आणि इंग्लंडमधला दलदलीचा मुलूख), आणि आजची म्हणून रिचर्ड ऑस्मनची 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०). अशी आठ-दहा झाली की मग इतिहासाकडे वळावं. कुणाला पटत नसेल तर कारणासकट सांगा.

शिवणापाणी

अजिबात पटत नाही. तुमचाच नियम तुमच्या यादीला लावून बघा. १९३० सालचं इंग्लंडमधलं खेडं आज अठरा वर्षांच्या मराठी मुलीला ओळखीचं आहे? घरातल्या मोलकरणीने कुणाला काय विचारावं, धर्मगुरूच्या घरी कोण कोणत्या दाराने येतं, दुपारचा चहा कुठे घेतात, यातलं तिला काय ठाऊक? 'विकरेज' तिच्यासाठी ऐतिहासिक कादंबरीच आहे. घडी तुम्हाला ओळखीची वाटते, कारण तुम्ही वर्षानुवर्षं ख्रिस्ती वाचत आलात.

आता एलिस पीटर्सची 'वन कॉर्प्स टू मेनी' (१९७९) बघा. ११३८ साल, स्टीफन राजा आणि मॉड यांच्यात गादीसाठी युद्ध. श्रूजबरीचा किल्ला पडतो आणि राजा चौऱ्याण्णव कैद्यांना फाशी देतो. मठात औषधी वनस्पती लावणारा ब्रदर कॅडफेल प्रेतं मूठमाती देण्यासाठी नीट करायला जातो, मोजतो, तर पंचाण्णव भरतात! राजाने मारलेल्यांच्या ढिगात कुणीतरी आपला खून लपवला आहे. हे समजायला इतिहासाची पदवी लागत नाही, आकडे मोजता आले की पुरे. आणि हे कोडं युद्धाशिवाय उभंच राहत नाही. कॅडफेलच्या एकूण वीस कादंबऱ्या आहेत. भाचीला हीच द्या.

रानवाटा

पंचाण्णवाव्या प्रेताचं मान्य, सुरुवात जबरदस्त आहे. पण सगळे पीटर्स नसतात. खुद्द ख्रिस्तीने 'डेथ कम्स ॲज द एंड' (१९४४) ही कादंबरी इसवीसनापूर्वी दोन हजारच्या आसपासच्या इजिप्तमध्ये घडवली. त्या काळातली खरी पत्रं तिच्यापुढे होती, तिचा नवरा पुरातत्त्वज्ञ होता. तरी वाचताना मला सारखं वाटत राहिलं की हे कुटुंब उचलून इंग्लंडमधल्या डेव्हनच्या बंगल्यात ठेवलं तरी एक पान बदलावं लागणार नाही. वारसा, म्हाताऱ्याची नवी बाई, धुमसणारी मुलं. मग नाईल नदी कशाला?

उलटतपासणी

वकिली करते, म्हणून या वादात पडते. काळ बदलला की कायदा बदलतो आणि कायदा बदलला की कोडं बदलतं, हे दोघांच्याही बोलण्यात आलेलं नाही.

रॉबर्ट व्हान खुलिक या डच मुत्सद्द्याच्या जज डी कथा घ्या. सातव्या शतकातला चीन, आणि नायक खऱ्या डी रेनजिए या अधिकाऱ्यावर बेतलेला. तिथे तपास करणारा, फिर्याद चालवणारा आणि निकाल देणारा माणूस एकच. कबुलीजबाबाशिवाय शिक्षा नाही, आणि कबुलीसाठी छळ करायला कायद्याची मुभा. म्हणजे गुन्हेगार ओळखून भागत नाही, त्याच्या तोंडून वदवून घ्यावं लागतं. त्यामुळे शेवटच्या प्रकरणांचा ताण पूर्ण वेगळा होतो. (जुन्या चिनी रिवाजाप्रमाणे एकाच पुस्तकात तीन-तीन प्रकरणं चालतात, त्याची सवय व्हायला वेळ लागतो.)

दुसरं उदाहरण आपल्या घराजवळचं. सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८), आपल्याकडे 'अ मर्डर ऑन मलबार हिल' नावाने मिळते. १९२१ ची मुंबई. एका मुस्लिम गिरणीमालकाच्या तीन विधवा गोषात राहतात. त्यांनी आपापल्या हक्कांवर पाणी सोडल्याच्या कागदावर सह्या आहेत, आणि परवीन मिस्त्री या पारशी सॉलिसिटरला त्या सह्यांत काहीतरी खटकतं. पुढे त्या घरात खून होतो. पोलिसांना जनान्यात पाय ठेवता येत नाही. जाऊ शकते ती परवीनच.

इथे पडदा काढून बघा. सगळी कादंबरी कोसळते. बंद खोलीची रहस्यं पुष्कळ वाचली, पण ही खोली रूढीने बंद केलेली आहे. परवीनमागे खऱ्या बायका उभ्या आहेत. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकल्या, १८९२ मध्ये परीक्षा दिली आणि पदवी हातात पडली १९२२ मध्ये. मधल्या काळात पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेची कामं त्यांनी वर्षानुवर्षं केली. माझ्या पक्षकारांपैकी किती जणींच्या सह्या अशाच 'घेतल्या' गेल्या आहेत ते मला ठाऊक आहे. म्हणून भाचीसाठी माझं पहिलं पुस्तक हेच.

कवडसा

माझा आक्षेप कोझी, म्हणजे रक्तपात न दाखवणाऱ्या हलक्याफुलक्या रहस्यकथांच्या, प्रकारालाच आहे. माणूस मेलेला असतो आणि लोक केक खात गप्पा मारतात. अठरा वर्षांच्या मुलीच्या मनावर काय बिंबवायचं, की खून ही दुपारची करमणूक आहे?

रानवाटा

@कवडसा, 'थर्सडे मर्डर क्लब' वाचून मग बोलूया. केंटमधल्या वृद्धांच्या वसाहतीतली चार माणसं जुनी न सुटलेली प्रकरणं चाळत बसतात, हसवतातही. पण त्यातल्या एलिझाबेथचा नवरा हळूहळू स्मृती हरवतोय आणि ती ते जगापासून झाकते आहे. मरण त्यांच्या शेजारच्या खोलीतच राहतं. माझ्या आईची शेवटची दोन वर्षं मी अशीच काढली, त्यामुळे ती पानं मला थांबत थांबत वाचावी लागली. याला थिल्लर म्हणवत नाही.

@उलटतपासणी, गोषाचा मुद्दा बिनतोड आहे, मी असा विचार केला नव्हता. पण त्याच पुस्तकात १९१६ सालच्या परवीनच्या लग्नाची प्रकरणं मध्ये मध्ये येतात आणि तेवढा वेळ खून थांबून राहतो. कोडं सोडवायला बसलेल्या वाचकाला तो अडथळाच.

उलटतपासणी

अडथळा कसा? फसलेल्या लग्नातून परवीन स्वतः कायद्याच्या कचाट्यात सापडली नसती, तर त्या तिघींच्या सह्यांकडे तिने दुसऱ्यांदा बघितलं असतं का? तिची नजर तिथेच तयार होते.

जुनं लाकूड

वय ७१. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड भाड्याच्या वाचनालयातून रोज एक आणून वाढलो, पुढे सुहास शिरवळकरांचा फिरोज इराणी. त्यांत धावपळ, वेषांतर, पिस्तूल. वाचकाने खुनी ओळखावा हा हट्ट नव्हता आणि आमचं काही अडलंही नाही. सुगाव्याचा एवढा आग्रह कशाला? गोष्टीने झोप उडवली पाहिजे.

ऐतिहासिकात मला सगळ्यांत आवडलेली कादंबरी जोसेफिन टेची 'द डॉटर ऑफ टाइम' (१९५१). पाय मोडून इस्पितळात पडलेला इन्स्पेक्टर ग्रँट पलंगावरून न हलता इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्यावरच्या खुनाच्या आरोपाची छाननी करतो. दोन लहान राजपुत्र लंडनच्या टॉवर या किल्ल्यातून नाहीसे झाले, आणि पुढचा राजवंश म्हणतो रिचर्डने मारले. ग्रँट एवढंच विचारतो की हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं आणि घटना घडली त्या वेळी लिहिणारा होता कुठे? बखरी वाचून मोठ्या झालेल्या आपल्या लोकांनी हा प्रश्न विचारायला शिकलंच पाहिजे.

शिवणापाणी

काका, इथे मी रानवाटांच्या बाजूने. पुस्तक मलाही प्रिय आहे, पण टेबाई न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून वकिली करतात. रिचर्डच्या विरुद्ध जाणारा पुरावा त्या झटकून टाकतात, आणि बऱ्याच इतिहासकारांना त्यांचा निकाल मान्य नाही. २०१२ मध्ये लेस्टरच्या वाहनतळाखाली रिचर्डचा सांगाडा मिळाला. कणा वाकडा निघाला, वाळलेल्या हाताची दंतकथा मात्र खोटी ठरली. म्हणजे शत्रूंनी लिहिलेलं सगळंच खोटं नव्हतं आणि सगळंच खरंही नव्हतं. कादंबरीत ही मधली जागा नाही. ओढून नेणारी गोष्ट असली की वाचक निकालही गिळून टाकतो. ऐतिहासिक रहस्यकथेचा खरा धोका मला इथे दिसतो.

जुनं लाकूड

धोका मान्य. पण निकाल गिळणाऱ्याला तुम्ही-आम्ही कागदपत्रांकडे कसं वळवणार? मला तरी त्याच पुस्तकाने वळवलं. पेशवे दफ्तरातले छापील खंड मी त्यानंतर उघडले. पेशवाईतल्या पुण्यात कोतवाली होती, रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी होती. पंचाण्णवावं प्रेत लपवायला याहून चांगली रात्र कुठली? आपल्याकडे कुणीतरी हे लिहावं असं मला फार वाटतं. मोडी येणारा आणि कोडं रचता येणारा माणूस एकच हवा, एवढीच अडचण.

रानवाटा

तोफेचं वाचून अंगावर काटा आला. लिहाच कुणीतरी.

यादी बदलते आहे. 'विकरेज' पहिलं राहील, त्यावर मी ठाम आहे. दुसरं 'वन कॉर्प्स टू मेनी', तिसरं 'मलबार हिल', १९१६ च्या प्रकरणांसकट. टेबाईंचं पुस्तक मी आणि भाची एकाच वेळी वाचू, म्हणजे भांडता येईल.

'रोझ' मात्र आत्ता नाही. सुरुवातीची शंभर पानं कमी करा असं प्रकाशनातल्या लोकांनी सुचवलं तेव्हा इकोने नकार दिला. मठात राहायचं तर मठाची चाल अंगवळणी पडायला हवी, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचं बरोबरच आहे. पण कॉलेज सुरू व्हायला दोन महिने आहेत, आणि तेवढ्यात तिने एकदा तरी खुनी माझ्याआधी ओळखावा एवढीच माझी इच्छा आहे.

उलटतपासणी

'मलबार हिल' संपलं की तिने पहिला संशय कुणावर घेतला तेवढं इथे सांगा. नाव नको, पान क्रमांक पुरे.