मदत हवी आहे: ग्रीन कार्डातला ७ टक्के हा आकडा मूळ कागदात कुठे आणि कसा शोधायचा?

एडिसनवाली:

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, हे माझ्या केससाठी नाहीये, त्यामुळे "वकिलाला विचारा" असं कृपया लिहू नका. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत ग्रीन कार्डाच्या रांगेवर लेख द्यायचं कबूल करून बसलेय, कारण इथे दर दुसऱ्या घरात ईबी-२ नाहीतर ईबी-३ मध्ये (नोकरीवरच्या ग्रीन कार्डाचे वर्ग) लटकलेलं कुणीतरी आहेच (आमचं घर धरून, प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, २०१६). लेख निम्मा झाला आणि एका फॉरवर्डवर गाडी अडली. फॉरवर्ड म्हणतो की एका देशाला ७ टक्क्यांच्या वर ग्रीन कार्ड नाही हा नियम १९६५ साली खास भारतीयांना रोखायला केला. नवऱ्याने तो तीन ग्रुपांवर ढकलूनही झालाय. मला छापील स्मरणिकेत असलं काही माझ्या नावाखाली नको होतं म्हणून कायदाच उघडला.

तर १९६५ च्या कायद्यात, म्हणजे हार्ट-सेलर कायद्यात, टक्केवारी नाहीच! तिथे एका देशाला सरळ २०,००० व्हिसांची मर्यादा आहे, पूर्व गोलार्धाच्या एकूण १,७०,००० मधून. आणि भारतीयांना रोखायचं म्हणाल तर त्याआधी १९४६ च्या कायद्याने भारताला वर्षाला १०० चा कोटा होता, अक्षरशः शंभर, तो १९६५ मध्ये गेला. आमच्या शेजारचे काका १९६९ ला आले ते अजूनही "मी थर्ड प्रेफरन्सवाला" (म्हणजे उच्चशिक्षितांच्या वर्गातला) असं छाती काढून सांगतात, मुंबईच्या कॉन्सुलेटमधून थेट इमिग्रंट व्हिसा घेऊन उतरले म्हणे. ७ टक्के आले ते १९९० च्या इमिग्रेशन ॲक्टमध्ये, पब्लिक लॉ १०१-६४९. इथपर्यंत मी पोचले.

पुढचं जमत नाहीये. हा ७ चा आकडा कुणी घातला आणि घालताना कारण काय दिलं? काँग्रेस डॉट गव्हवर बिल सापडलं, एस. ३५८, पण कमिटी रिपोर्टचा नुसता नंबर दिसतो, मजकूर काही उघडत नाही. एका लेखाच्या तळटीपेत काँग्रेशनल रेकॉर्डचं (काँग्रेसमधल्या चर्चेचा छापील वृत्तांत) एस अक्षराने सुरू होणारं पान दिलं होतं, तेवढा आकडा धरून मी १९९० चा खंड उघडला तर तिथे भलत्याच विषयावर भांडण चाललेलं. अर्धा रविवार त्यात गेला. एका लायब्ररीच्या काउंटरवर विचारलं तर त्यांनी आजचा कायदा प्रिंट करून हातात दिला आणि चाळीस सेंट घेतले.

माझा एक अंदाज आहे, बरोबर की चूक सांगा. १९७८ मध्ये दोन्ही गोलार्ध एकत्र करून जगाला एकच २,९०,००० ची मर्यादा केली. २०,००० भागिले २,९०,००० म्हणजे ६.९ टक्के. म्हणजे जुनाच आकडा टक्क्यात घातला असेल का? असं असेल तर फॉरवर्डची हवाच जाते.

वऱ्हाडी_अटलांटात:

ताई, मी त फक्त वाखू (वाचनखूण) साठवाले आलो. माही डेट २०१८ ची हाय, तुमचा लेख छापून येईस्तोवर पोरगं कॉलेजात जाईन आन ग्रीन कार्ड तरी बी येनार नाही. जानकार लोक येतीनच, बसा वाट पाहत, आपल्याले सवयच हाय.

फायलीतला_उंदीर:

ताई, मी पॅरालीगल (वकिलांचा मदतनीस) आहे, वर्षातून चारपाच वेळा हेच उकरायचं काम गळ्यात पडतं, त्यामुळे जरा लांबण लावतो.

तुम्ही सुरुवातीपासून शोधताय, शेवटापासून शोधा. कायद्याचा छापील मजकूर (स्टॅट्यूट्स ॲट लार्ज, खंड १०४, पान ४९७८ पासून, गव्हइन्फो या सरकारी साइटवर फुकट आहे) पार शेवटच्या पानापर्यंत सरकवा. सगळी कलमं संपली की तळाशी बारीक अक्षरात "लेजिस्लेटिव्ह हिस्टरी" असा चौकोनभर मजकूर येतो, लोक तिथपर्यंत जातच नाहीत. या कायद्याच्या टिपेत बघा: सिनेट रिपोर्ट १०१-५५, हाउस रिपोर्ट १०१-७२३, कॉन्फरन्स रिपोर्ट (दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीचा) १०१-९५५, आणि चर्चेच्या तारखा. सिनेटने जुलै १९८९ मध्ये पास केलं, हाउसने ३ ऑक्टोबर १९९० ला, कॉन्फरन्स रिपोर्टला दोघांची मंजुरी ऑक्टोबरच्या शेवटी, थोरल्या बुशची सही २९ नोव्हेंबरला. झाला तुमचा नकाशा.

यातली गोम अशी की हाउसने मुळात स्वतःचं बिल, एच.आर. ४३००, चालवलं होतं (कनेक्टिकटच्या ब्रूस मॉरिसन यांचं), ते पास केलं आणि मग एस. ३५८ चं पोट रिकामं करून त्यात आपला मजकूर भरला. म्हणजे नंबर सिनेटचा, आतला माल हाउसचा. म्हणून हाउसचा रिपोर्ट एच.आर. ४३०० च्या नावाने आहे, एस. ३५८ च्या नावाने शोधलात तर हाती काही लागणार नाही.

रिपोर्टचा मजकूर उघडत नाही कारण काँग्रेस डॉट गव्हवर कमिटी रिपोर्ट १९९५ पासूनचेच आहेत. १९९० साठी यूएसकॅन म्हणा लायब्ररीत, लगेच कळेल त्यांना, कायदे आणि त्यांचे रिपोर्ट छापणारे वेस्ट कंपनीचे जाडजूड खंड असतात. १९९० च्या संचात हाउस रिपोर्ट पान ६७१० पासून आणि कॉन्फरन्स रिपोर्ट ६७८४ पासून. नाहीतर विद्यापीठाच्या लॉ लायब्ररीत बसून हाइनऑनलाइन किंवा प्रोक्वेस्ट हे पैसे भरून वापरायचे डेटाबेस बघा, घरून सबस्क्रिप्शन घ्यायच्या भानगडीत पडू नका, परवडत नाही. फक्त जाताना ती फेडरल डिपॉझिटरी लायब्ररी आहे का ते बघा. तिथे सरकारी कागद बाहेरच्या माणसालाही फुकट बघू द्यावे लागतात, विद्यार्थ्याचं कार्ड लागत नाही.

तुमचा रविवार का गेला तेही सांगतो. काँग्रेशनल रेकॉर्ड दोनदा छापतात. रोजचा अंक निघतो त्यात पानांना एस, एच, ई अशी अक्षरं असतात, आणि नंतर बांधीव खंड निघतो त्यात सलग नवे नंबर. १९९० ला लिहिलेल्या लेखाची तळटीप रोजच्या अंकाची असणार, आणि नेटवर फुकट मिळतो तो बांधीव खंड. पान नंबर विसरा, तारखेने जा. पहिल्या वर्षी मीही यात तीन दिवस घातलेत आणि वर सीनियरकडून ऐकून घेतलंय.

आता तुमचा खरा प्रश्न. ७ टक्के कुणी घातले हे भाषणांतून शोधत बसू नका. १०१व्या काँग्रेसपासून (आपली काँग्रेस नव्हे, इथे दर दोन वर्षांनी नवी येते) बिलांचे पूर्ण मजकूर काँग्रेस डॉट गव्हवर आहेत. एस. ३५८ मांडलं तेव्हाचं, कमिटीतून आलेलं, सिनेटने पास केलेलं, एच.आर. ४३०० च्या अवस्था, मग अंतिम, सगळे शेजारी शेजारी उघडा आणि प्रत्येकात फक्त एका देशाच्या मर्यादेचं कलम बघा. जिथे २०,००० जाऊन टक्के दिसले, त्या टप्प्याचा रिपोर्ट वाचायचा. बाकीचा ढीग सोडा.

पानवाचक:

उंदीरभाऊंना +१, फक्त एक राहिलं. बिल त्या काँग्रेसमध्ये पास झालं नाही तर मरतं, आणि पुढच्या वेळी नव्या नंबराने जन्म घेतं. त्यामुळे आधीच्या जन्मातले कागदही बघावे लागतात. सिनेटर एडवर्ड केनेडी आणि सिम्प्सन यांचं असंच एक बिल, एस. २१०४, सिनेटने मार्च १९८८ मध्ये पास केलं होतं, हाउसमध्ये अडकून संपलं. आणि त्याच्याही मागे फादर हेसबर्ग यांच्या इमिग्रेशनवरच्या कमिशनचा १९८१ चा अहवाल आहे.

१९६५ ची गोष्ट तशीच. सही झालेलं बिल एच.आर. २५८०, पण सुनावण्यांतला मोठा ऐवज १९६४ चा आहे, एच.आर. ७७०० वरचा. तिथे रॉबर्ट केनेडी, ॲटर्नी जनरल म्हणून, सांगतात की आशिया-पॅसिफिक भागातून पहिल्या वर्षी साधारण ५,००० येतील आणि मग ओघ जवळजवळ आटेल! फॉरवर्डवाल्यांना हे दाखवा. ज्यांना वाटत होतं की आशियातून फारसं कुणी येणारच नाही ते रोखायला नियम कशाला करतील.

तुमच्या भागाकाराबद्दल मात्र सावध. १९८० च्या रेफ्युजी ॲक्टने २,९०,००० चे २,७०,००० केले, म्हणजे १९९० च्या तोंडावर २०,००० हे ७.४ टक्के होते, ६.९ नव्हे. आकडा जवळपास बसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही.

एडिसनवाली:

अरे देवा, १९८० चं मी पाहिलंच नव्हतं, लेखात ६.९ ठोकून लिहिलं होतं! वाचवलंत. उंदीरदादा, दंडवत.

फायलीतला_उंदीर:

ताई, तुमचा अंदाज अगदीच टाकाऊ नाहीये हं. त्याच कलमात ७ च्या शेजारी आणखी एक आकडा बसलाय, परक्या देशाच्या ताब्यातल्या प्रदेशाला २ टक्के. १९९० च्या आधी अशा वसाहतींना ५,००० होते, १९८६ च्या कायद्याने ६०० चे ५,००० केलेले. आता २,७०,००० चे काढा: ७ टक्के १८,९००, २ टक्के ५,४००. दोन्ही आकडे जुन्या मर्यादांच्या आसपास येतात. पानवाचक म्हणतात ते खरंच आहे, हा पुरावा नाही, पण कुठलं पान आधी उघडायचं हे तर यातून कळतं.

पानवाचक:

हे २ टक्क्यांचं मला सुचलं नव्हतं, मान्य. अजून एक, सापडेल ते वाक्य कुणाचं आहे ते बघा. एखाद्या सिनेटरचं भाषण म्हणजे सगळ्या काँग्रेसचं मत नव्हे, कमिटी रिपोर्ट त्याहून वजनदार, कॉन्फरन्स रिपोर्ट त्याहून. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती स्कॅलिया तर रिपोर्टांनाही भीक घालायचे नाहीत, कायद्याचे शब्द वाचा म्हणायचे.

एडिसनवाली:

अपडेट: काल सुट्टी टाकून लॉ लायब्ररीत जाऊन आले. गेटवर आयडी दाखवलं, वहीत नाव लिहिलं, बास. यूएसकॅन म्हटल्याबरोबर तिथल्या बाई उठून थेट कपाटाशी घेऊन गेल्या, मला उगाच आपण वकील असल्यासारखं वाटलं. ६७१० पासूनची आणि ६७८४ पासूनची सगळी पानं फोनवर स्कॅन केलीत. कायद्याच्या शेवटची ती बारीक टीपही बघितली, उंदीरदादांनी सांगितलेले नंबर जसेच्या तसे. वाचन मात्र निम्मंही झालं नाहीये, पोरीला चार वाजता भरतनाट्यमला सोडायचं होतं.

तोवर लेखातला तो परिच्छेद बदललाय. आता असं लिहिलंय की १९६५ मध्ये पूर्व गोलार्धातल्या सगळ्या देशांना सारखे २०,००० होते, टक्केवारी १९९० ची आहे, आणि आज व्हिसा बुलेटिनमध्ये (रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी मासिक पत्रक) जो २५,६२० आकडा दिसतो तो म्हणजे कुटुंबाचे २,२६,००० आणि नोकरीचे १,४०,००० यांच्या बेरजेचे ७ टक्के. नोकरीच्या एकट्या १,४०,००० चे काढले तर ९,८००, मुलाबाळांसकट, आणि त्याच्यामागे आपण सगळे उभे. "भारतीयांना रोखायला" हे वाक्य काढून टाकलं, नवरा दोन तास गप्प होता. ७ का, यासाठी चार ओळींची जागा मोकळी सोडलीय.

आता एकच मदत हवी. बिलांच्या आठ अवस्था प्रिंट करून डायनिंग टेबलावर पसरल्यात, प्रत्येकात कलमांचे नंबर वेगळे, एकटीने जुळवताना डोळे फिरतायत. स्मरणिकेचा मजकूर पंधरा तारखेला जातो. शनिवारी दुपारी कुणाला एडिसनला यायला जमेल का, किंवा झूमवर तासभर? पोहे आणि चहा माझ्याकडून, हायलायटर आपापले आणा.

वऱ्हाडी_अटलांटात:

झूमवर मी येतो ताई. कायद्यातलं काही समजत नाही, पन २०,००० कुठं गायब होते थे त पाहता येते नं. पोह्याचा फोटो टाकजा.