बोटं तीच, अक्षरं कन्नड, हे कसं काय?

टिळकवाडीकर:
काल कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात भाडेकरार टाईप करून घ्यायला गेलतो. एक प्रत कन्नडमधे पाहिजे होती आणि बाबांना वाचायला एक मराठीत. टाईप करणाऱ्या ताईंच्या कीबोर्डवर नुसती इंग्रजी अक्षरं, तीपण अर्धी पुसलेली. आधी मराठी झालं, मग दोन बटणं दाबली आणि कन्नड सुरू. मी त्यांच्या बोटांकडंच बघत उभा होतो, आमचं आडनाव मराठीत लिहिताना बोटं जिथं जिथं गेली तिथंच कन्नडला पण गेली!! विचारलं तर म्हणाल्या, "दोन्ही एकच की ओ." मागं लाईन होती म्हणून पुढं विचारलं नाही, पण रात्री झोपेपर्यंत डोक्यात तेच. एक लिपी रेघेला लटकलेली, दुसरी गोल गोल, मग बटणं सारखी कशी? कुणाला माहीत असेल तर नीट सांगा.

शहापूरची_अक्का:
त्या इनस्क्रिप्टवर टाईप करत असणार, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली बटणांची मांडणी. मी पण त्याच्यावरच शिकले. डाव्या हाताला बहुतेक स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. इंग्रजी के च्या बटणावर क, शिफ्ट धरून तेच दाबलं की ख. आय वर ग, शिफ्टला घ. भाषा कन्नड केली तरी क तिथंच, कारण बाराखडी आपली आणि त्यांची एकाच मुळातली, दोन्ही लिप्या ब्राह्मीतूनच आल्यात. कन्नड पोरं पण शाळेत क ख ग घ ह्याच क्रमानं म्हणतात की. ळ पण दोघांकडं हाय, एन चं बटण शिफ्ट धरून.

खानापूर_रोड:
अक्का बरोबर बोलल्या, पण गंमत कीबोर्डच्या आत पण हाय. युनिकोडमधे, म्हणजे कॉम्प्युटरात प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत, देवनागरीला १२८ जागांची एक पट्टी आणि कन्नडला तेवढीच दुसरी. शून्यापासून मोजत गेलं तर दोन्हीकडं क २१ वर आणि ळ ५१ वर. हे १९८८ च्या इस्की ह्या भारतीय कोडवरून आलंय, त्यात तर क ला सगळ्या लिप्यांत मिळून एकच नंबर होता, लिपी बदलली की दिसायचं वेगळं. आणि जे अक्षर एखाद्या लिपीत नाही तिची ती जागा मोकळी सोडलीय. आपला ऑ १७ वर, कन्नडच्या पट्टीत १७ वर काहीच नाही. कन्नडला ते अक्षरच नाही, म्हणूनच त्यांच्या बोर्डावर 'डाक्टर' वाचायला मिळतं. मला ही मोकळी जागा फार आवडते, शेजाऱ्यासाठी ताट मांडून ठेवल्यासारखी.

निपाणी_स्टँड:
एक सांगतो, सगळ्या ऑफिसात असं नसतंय. सरकारी कन्नड कामाला बहुतेक नुडी नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, त्याचा कीबोर्ड वेगळा, उच्चारावर चालणारा. फोनवर तर आपण सगळेच इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहितो, त्यामुळं दोन्ही भाषा एका हातात असलेली माणसं आता कमीच. त्या ताईंकडून शिकून घ्या, खरंच सांगतो.

टिळकवाडीकर:
सगळ्यांचे आभार. आज लॅपटॉपवर दोन्ही भाषा टाकून बसलो. आधी मराठीत 'बेळगाव' लिहिलं, मग कन्नड करून तीच बटणं दाबली, आलं की! बायकोला हाक मारून दाखवलं. ती कन्नड शाळेत शिकलेली, बघून म्हणाली चुकलंय, 'बे' लांब झाला, कन्नडमधे इथं ऱ्हस्व ए पाहिजे. आपल्याकडं तो वेगळा लिहीतच नाहीत. शोधलं तर आपली मात्रा एस वर आणि त्यांची ऱ्हस्व मात्रा बरोब्बर त्याच्या खाली, झेड वर. मग बोट एक बटण खाली नेलं, शेवटी एफ दाबून वि केला आणि 'बेळगावि' झालं, २०१४ पासून बोर्डावर असतंय तसं. आता आडनाव करायलोय, जोडाक्षरात अडकलोय. अक्का, पाय मोडायचं बटण कुठलं ओ?

शहापूरची_अक्का:
डी. दोन्हीकडं डीच.