यिर्मया 38 : एबद-मलेखबरोबर तीस माणसं की तीन?

निपाणीकर:
संडेस्कूलच्या मुलांकडून यिर्मया संदेष्ट्याला टाक्यातून वर काढतात तो प्रसंग बसवायचा आहे. आमच्या मराठी बायबलात राजा त्याच्या वाड्यातल्या एबद-मलेख कूशीला (कूश देशाचा माणूस) तीस माणसं घेऊन जा म्हणतो. एका इंग्रजी बायबलात तिथंच तीन छापलंय. कुठलं धरायचं? एका माणसाला ओढायला तीस जण कशाला, हे पोरं विचारणारच. दुसरं, काखेत चिंध्या घालायला सांगितलं ते नुसतं दयेपोटी, की त्याचं काही काम होतं? आणि स्टेजवर खरी दोरी बांधून ओढून दाखवावं का? मुलं बारा आहेत, स्टेज म्हणजे हॉलमधला तीन फुटी कट्टा.

जुनाकरार_कॅम्प:
आधी आकड्याचं. रूढ हिब्रू पाठात तीस आहे, सेप्टुआजिंट या जुन्या ग्रीक अनुवादातही तीसच (तिथं हा अध्याय 45वा आहे, शोधताना गोंधळू नका). तीन हा आकडा एका हिब्रू हस्तलिखितात मिळतो. हिब्रूत हे दोन आकडे लिहिताना बरेच सारखे दिसतात आणि वाक्याची घडण तीनला जास्त जुळते, म्हणून काही अनुवादकांनी तीन उचललं. चूक कुणाचीच नाही, पण मी तीसच ठेवीन.

कारण 38:4-5 वाचा. शफाट्या, गदल्या, युकाल आणि पशहूर या चौघा सरदारांनी यिर्मयाला मारा म्हणून मागणी केली आणि सिद्कीया राजानं हात झटकले : तो तुमच्या हातात आहे, तुमच्यापुढं राजाचं काही चालत नाही. मग त्यांनी यिर्मयाला टाक्यात सोडलं. हाच राजा काही वेळानं आपला निर्णय फिरवतोय, तेही बन्यामिनी वेशीत चारचौघांत बसलेला असताना. टाकं राजपुत्र मल्कीयाचं, पहारेकऱ्यांच्या चौकातलं. तिथून कैदी काढायचा तर ओढणारे कमी आणि नुसते उभे राहणारे जास्त लागतात. तिसाच्या तिसांनी दोरी धरली असं वचन म्हणतच नाही.

पोरांना सांगण्यासारखं आणखी एक. त्या चौघा सरदारांपैकी दोघांच्या नावांच्या मोहरांचे मातीचे ठसे यरुशलेमात दावीदनगरच्या उत्खननात सापडलेत. शलेम्याचा मुलगा युकाल याचा 2005 मध्ये, पशहूरचा मुलगा गदल्या याचा 2008 मध्ये.

खानापूर_आडविहीर:
चिंध्यांचं काम होतं, आणि मोठं होतं. पण आधी टाकं समजून घ्या, नाहीतर पडद्यावर आपली पायऱ्यांची विहीर काढाल.

यरुशलेमचं टाकं म्हणजे चुनखडीच्या खडकात खोदलेली पोकळी. तोंड अरुंद, खाली पोट मोठं, आतून चुन्याचा गिलावा. झरा नसतो, पावसाचं पाणी साठवायचं. भिंत आत झुकलेली आणि गुळगुळीत, त्यामुळं हातापायानं चढून येणं जमत नाही. तिथला पाऊस हिवाळ्यातला. बाबेलच्या सैन्यानं घातलेल्या वेढ्याच्या अखेरच्या काळात पाणी संपून तळाला गाळ राहिला असेल तर नवल नाही. वचनात तेच आहे : पाणी नव्हतं, चिखल होता आणि यिर्मया त्यात रुतला.

हा गाळ खानापूरच्या जांभ्यातल्या आडासारखा सैल, खडेदार समजू नका. पाण्याबरोबर आलेली बारीक माती तळाला बसते, ती चिकोडी-निपाणीच्या काळ्या मातीच्या जातीची, पाय धरून ठेवणारी. पाय वर ओढला की खाली पोकळी होते, तिथं हवा शिरत नाही आणि गाळ उलटा खेचतो. एकदम हिसका दिला तर सगळा ताण खांदे आणि काखांवर येतो. रुतलेल्यानं पाय गोल हलवत फट करायची आणि वरच्यांनी तसतसं सावकाश ओढायचं. पाय सुटल्यावर मात्र रेंगाळायचं नाही, कारण दोरीवर लोंबकळणाऱ्याला काही मिनिटांत श्वास पुरेनासा होतो.

हिशेब असा. उपाशी माणूस पंचावन्न किलो धरा. तोंडावर दोन्ही बाजूंनी उभं राहून सरळ वर ओढलं तर तिघांना माणशी वीस किलोच्या आत येतं, जमतं. पण दोर दगडाच्या कडेवरून वळवून मागं ओढला तर घासण्यातच वजन दुपटीच्या जवळ जातं आणि पाच-सहा जण लागतात. गाळ धरून असेल तोवर त्याहून जास्त. म्हणजे तिघं कसेबसे पुरे, दहा भरपूर. तीस जणांना त्या तोंडापाशी उभं राहायलाच जागा नाही.

आता काख. तिथं हाताच्या शिरा आणि मज्जातंतू कातडीच्या जवळून जातात. काथ्याचा बोटभर जाड दोर अख्ख्या वजनानं तिथं बसला की कातडी सोलते, हात बधिर होतात, दोर धरून ठेवता येत नाही. हात वर गेले तर माणूस फासातून खाली निसटतो. म्हणून काखेत घडी घालायची, ती पुढं छातीवर आणि मागं पाठीवर चार-चार बोटं यायला हवी, म्हणजे दोर सरकला तरी कापडावरच राहतो. घागरीखाली चुंबळ असते तसंच. गाठ सरकफासाची नको, ती छाती आवळत जाते. आणि कोपर अंगाशी दाबून ठेवायचं.

यातला बारकावा 38:11 मध्ये आहे. एबद-मलेखनं चिंध्या वरून फेकल्या नाहीत, दोरांनी खाली सोडल्या. फेकल्या असत्या तर गाळात भिजून निसरड्या झाल्या असत्या. त्यानं आधी राजवाड्यात भांडाराच्या खालच्या जागेतून त्या गोळा केल्या आणि मग टाक्याकडं गेला, म्हणजे वर ओढताना काय होणार हे त्याला आधीच कळलेलं होतं. दोर हा शब्दही अनेकवचनात आहे. दोन दोर असले की माणूस गरगरत नाही.

हे सगळं बायबलातलं टाकं समजण्यापुरतं. खऱ्या विहिरीत कुणी पडलं तर उतरू नका, गाळातल्या वायूनं उतरणारा आधी जातो. 112 ला फोन करा.

निपाणीकर:
खूप उपयोग झाला, भाऊ. एक अडकलंय. एबद-मलेख राजाला म्हणतो, शहरात भाकर उरली नाही म्हणून तो भुकेनं मरेल. भाकर कुणालाच नसेल तर यिर्मया वर आल्यानं काय फरक पडणार?

जुनाकरार_कॅम्प:
37:21 बघा. चौकात असताना यिर्मयाला राजाच्या हुकमानं भटाऱ्यांच्या (भाकरी भाजणाऱ्यांच्या) आळीतून रोज एक भाकर मिळायची, शहरातली भाकर संपेपर्यंत. टाक्यातल्या कैद्याची आठवण कोण ठेवणार? एबद-मलेखचं वाक्य घाईत बोललेलं आहे, त्यात कोरडा हिशेब शोधू नये असं मला वाटतं.

शेवटही कापू नका. 39:15-18 मध्ये एबद-मलेखला वचन मिळतं की ज्यांची तुला धास्ती वाटते त्यांच्या हाती तू पडणार नाहीस, तुझा जीव वाचेल. हे नगर पडल्याच्या वर्णनानंतर छापलंय, पण यिर्मया अजून चौकात कैदेत असतानाचं आहे. म्हणून नाटकात बाबेलचं सैन्य शिरण्याच्या आधी घ्या. आणि त्याला धास्ती होती हे तिथं सरळ लिहिलंय, तेव्हा त्याला छाती फुगवून चालवू नका.

कॅम्पातली_ताई:
स्टेजचं मी सांगते. मुलाच्या अंगाला दोरी अजिबात बांधायची नाही, तीन फुटांवरूनसुद्धा नाही. यिर्मयाला कट्ट्यापुढं जमिनीवर उभं करा, पुढून कंबरेपर्यंत तपकिरी कापड दोघा मोठ्यांनी धरायचं. कापडामागं दीड फुटी मजबूत स्टूल. यिर्मयानं चिंध्या काखेत दाबून दोर दोन्ही हातांनी धरायचा आणि स्टुलावरून स्वतःच कट्ट्यावर चढायचं. वरच्यांनी ओढल्याचा अभिनय करायचा, दोर सैलच ठेवायचा. स्टूल एका मोठ्या माणसानं खालून धरून ठेवा. दोर सुती, अंगठ्याएवढा जाड. नायलॉन नको, हात भाजतो.

बारा मुलांत राजा, एबद-मलेख, यिर्मया आणि चार सरदार म्हणजे सात. उरले पाच : तिघं ओढणारे, दोघं भालेवाले. तीस हा आकडा निवेदकाच्या तोंडी येऊ द्या, निवेदन मोठ्या माणसानं करावं. चिंध्यांना जुन्या इरकली लुगड्याच्या हातभर पट्ट्या घ्या, लांबून दिसतात. वाकळेचा तुकडा जाड होतो, लहान मुलाच्या काखेत बसत नाही.