तिसरीच्या पोराला रोबोटिक्स? आधी त्याच्या हातात पाना द्या

पानापक्कड

मागच्या आठवड्यात या फोरमवर 'रोबोटिक्स तिसरीपासून सक्तीचं करा' असा धागा आला आणि त्यावर '+१'चा पाऊस पडला. धागाकर्त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जग एआयकडे चाललंय, आपली पोरं अजून कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुलं करतायत, तिसरीत सेन्सर हातात आला नाही तर दहावीला ती मागे पडलेली असतील. तिथेच उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते एवढं लांबलं की वेगळा धागा काढावा लागला.

भोसरीला माझं छोटं वर्कशॉप आहे. डिप्लोमा, बीई झालेली पोरं कामाला येतात. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर हातात दिला की आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. नट बोल्टवर तिरका बसलाय हे बोटांना कळत नाही, तसाच पान्याने रेटतात आणि आटे मारून ठेवतात. ही काही तिसरीत सेन्सर न मिळालेली पोरं नाहीत. लहानपणी घरात कुणी स्क्रू ड्रायव्हरला हात लावू दिला नाही, त्याचा हा परिणाम.

परवा पुतण्या आला होता. सहावीत आहे, रोबोटिक्सच्या क्लासला जातो, फी विचारू नका. काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी घेऊन आला. क्लासमध्ये सुतासारखी सरळ जाते म्हणे. आमच्या गॅलरीत उन्हात ठेवली तर गोल गोल फिरायला लागली. मी म्हटलं, का रे? तर म्हणे, 'सर रीसेट करून देतील.' अरे, सेन्सरच्या पट्टीवर एक एवढासा निळा ठोकळा असतो, त्यावर स्क्रू असतो, तो फिरवून संवेदनशीलता कमीजास्त करता येते. उन्हातही इन्फ्रारेड असतं, सेन्सर गोंधळला. सावलीत आणली, स्क्रू थोडा फिरवला, चालली. पोराला तो स्क्रू कशासाठी आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं! कागदावर लाल वायर इथे, काळी तिथे असं छापलेलं असतं, ते जोडायचं आणि व्हिडिओ काढून आजीला पाठवायचा. याला तुम्ही इंजिनिअरिंगचं शिक्षण म्हणता?

माझं मत स्पष्ट आहे. सातवीपर्यंत एकही तयार किट नको. बिघडलेला टॉर्च खोलू द्या, सायकलचं पंक्चर काढू द्या, कप्पी लावून बादली ओढू द्या. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांवर भूमिती आणि रचना शिकवली. खर्च किती, तर चहाच्या कपाएवढा.

सातवी_ब_च्या_बाई

पानापक्कड, तुमच्या पुतण्याच्या क्लासचा राग आमच्या शाळांवर काढू नका.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या पोरांना पंक्चर काढायला शिकवायची गरज नाही, ती शाळेत येतानाच काढून येतात. पाना, पक्कड, कप्पी, मोटारीचा स्टार्टर हे सगळं त्यांच्या घरी आहेच. नाही ते व्होल्ट मोजायचं मल्टीमीटर, थ्रीडी प्रिंटर, मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी छोटी चिप). शहरातल्या माणसाला मातीत खेळण्याचं कौतुक सुचतं, कारण त्याच्या पोराला बाकीचं सगळं आधीच मिळालेलं असतं. आमच्याकडे थोडं आधुनिक सामान आलं की लगेच तुमच्या डोळ्यांत खुपतं!

आमच्याकडे अटल टिंकरिंग लॅब आहे, म्हणजे पोरांनी स्वतः यंत्रं करून बघायची प्रयोगशाळा. केंद्र सरकारची योजना, २०१६ची, निवडलेल्या शाळेला २० लाख: त्यातले १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षं चालवायला. आणि ती सहावी ते बारावीसाठी आहे, तिसरीचा प्रश्न तिथे येतच नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी मल्टीमीटर दप्तरात लपवून आठवडी बाजारात घेऊन गेली. तिथल्या दुकानदाराचे नवे कोरे सेल मोजले तर दीड व्होल्टच्या जागी १.१! भर बाजारात त्याला सेल बदलून द्यायला लावले. तिच्या आईला अजून वाटतं की पोरगी वाया गेली. मला विचाराल तर त्या २० लाखांतले बरेचसे तिथेच वसूल झाले.

मुकादम

बाई, तुमची लॅब उघडी असते हे नशीब. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत (नाव घेत नाही, नातेवाईक आहेत) लॅबची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. पाहुणे आले की कुलूप निघतं, फोटो होतात, परत कुलूप. थ्रीडी प्रिंटरचं नोझल चोंदलं ते चोंदलंच. आणि म्हणे २०२५च्या बजेटमध्ये सरकारी शाळांत आणखी ५०,००० लॅब, पाच वर्षांत. आधी कुलपांचं टेंडर काढा.

सातवी_ब_च्या_बाई

मुकादम, किल्ली कपाटात का असते माहितीये? लॅब सांभाळणारा शिक्षक वेगळा मिळत नाही. गणिताच्या नाहीतर विज्ञानाच्या शिक्षकाच्याच गळ्यात घालतात. तोच पोषण आहाराचा हिशोब लिहितो, तोच मतदारयाद्यांना दारोदार फिरतो, तोच रोज नव्या ॲपवर माहिती भरतो. एखादा मल्टीमीटर हरवला तर भरपाई त्याच्याकडून. मग तो कुलूप लावणार नाही तर काय करणार? तुम्ही एक महिना आमचं काम करून दाखवा, मग कुलपांवर बोला.

खडूफळा

सगळ्यांचा आदर ठेवून सांगतो, हे सगळं आमच्या शाळेत होतंच. कार्यानुभवाला मुलांना सुतारकाम, मुलींना शिवणकाम. रंधा मारला, लाकूड तासलं, साधा का होईना पाट केला. खरं इंजिनिअरिंग ते होतं. आता सगळं प्लास्टिक आणि ब्लूटूथ.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत २०१३च्या विज्ञान मानकांमध्ये बालवाडीपासून इंजिनिअरिंग डिझाइन आहे, पण त्यात रोबोट कुठेच सक्तीचा नाही. अडचण काय ते मांडा, दोन-तीन उपाय करून बघा, मोडतात का तपासा, सुधारा. माझ्या मुलीने दुसरीत कागदाचा पूल केला होता, त्यावर नाणी ठेवायची. कागद सपाट ठेवला की लगेच वाकतो, घड्या घालून पन्हाळी पत्र्यासारखा केला की तोच कागद कितीतरी जास्त वजन पेलतो. बाईंनी काही सांगितलं नव्हतं, मुलांनी मोडून मोडून शोधलं. मॅसॅच्युसेट्सने तर २००१मध्येच शालेय अभ्यासक्रमात इंजिनिअरिंग आणलं.

मुकादम

आला अमेरिकेचा आदर्श! वाटच बघत होतो. साहेब, इथे एका बाकावर तीन पोरं बसतात. नाणी ठेवायला पूल कुठे करायचा, एकमेकांच्या डोक्यावर?

उसवण

खडूफळा काका, 'मुलांना सुतारकाम, मुलींना शिवणकाम, खरं इंजिनिअरिंग ते होतं' यातलं 'ते' म्हणजे फक्त रंधा ना? शिवणाचा उल्लेख नुसता तोंडी लावायला? मला शाळेत असताना रंध्याला हात लावू दिला नव्हता, 'पोरींना लागेल' म्हणून. सुई बोटात गेलेली चालते, रंधा चालत नाही.

खडूफळा

ताई, तेव्हाची पद्धत सांगितली, समर्थन नाही केलं. प्रत्येक गोष्टीत हे स्त्री-पुरुष आणायलाच हवं का? विषय लहान मुलांच्या इंजिनिअरिंगचा चालू आहे.

उसवण

तेच तर सांगतेय! विषय इंजिनिअरिंगचाच आहे, तुम्हाला तो दिसत नाहीये.

मी ब्लाउज शिवते, वीस वर्षं झाली असतील. कापड सपाट, माणूस गोल. बाही मुंढ्यात (खांद्याशी बाही जोडतात त्या गोल कापात) बसवायची तर बाहीचा गोलावा मुंढ्याच्या मापापेक्षा थोडा जास्त ठेवावा लागतो आणि तो जास्तीचा भाग चुणी न दिसता जिरवावा लागतो, नाहीतर बाही खांद्याच्या गोलाईवर नीट बसत नाही. गळ्याला सरळ पट्टी लावली तर बसत नाही, उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टीच लागते, कारण तिरकं कापड ताणलं जातं. हे सगळं आधी कागदावर आखायचं, मग कापायचं, कारण महागाचं कापड एकदा कापलं की गेलं. अमेरिकेतली दुसरी यापेक्षा वेगळं काय करते, न्यूजर्सीकर?

आणि मशीन. झाकण काढून कधी बघितलंय? सुई खाली जाते आणि वर यायला लागली की दोऱ्याचा छोटासा फासा सैल सुटतो. तेवढ्यात खालच्या शटलचं टोक तो फासा पकडून बॉबिनभोवती (खालच्या दोऱ्याच्या रिळाभोवती) फिरवून आणतं. एवढ्यात टीप पडते. हे पायाने हळू चालवून दाखवलं तर पाचवीचं पोर डोळे विस्फारून बघतं, माझ्या भाचीने बघितलंय. आता गंमत ऐका. शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला गुंता झाला की नवशिकी बाई बॉबिन काढून त्याच्याशी झगडत बसते. पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो, तो दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. गुंता खाली, चूक वर! पानापक्कड, तुमच्या बीईवाल्यांना हे शोधता येईल का? आमच्याकडे शिकणाऱ्या नववी नापास पोरीला येतं.

मुकादम

थांबा थांबा. म्हणजे आता तिसरीच्या पोरांना ब्लाउज शिवायला लावायचे? कार्यानुभव म्हणता म्हणता टेलरिंग क्लास झाला की. ह.घ्या.

उसवण

हलके घ्यायची सवय आम्हाला शाळेपासूनच लावलीय, काळजी नसावी. आणि हो, मुलांनाही बटण लावता यायला हवं. तुम्हाला येतं?

मुकादम

माझ्या बटणावर का घसरता? धाग्याच्या विषयावर बोला. तुम्हाला बोलता येतं म्हणून सगळ्यांना झोडपत सुटणार का?

शिरूरकर

एवढी भांडणं झाली आणि पाबळचं नाव कुणी काढलं नाही, कमाल आहे. आमच्या शिरूर तालुक्यात, पाबळलाच डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मुलगा असो की मुलगी, चारही करायचे. पोरी वेल्डिंग करतात आणि पोरं स्वयंपाकघरातलं पोषण शिकतात. आणि पानापक्कड, तिथे आधुनिक यंत्रांचंही वावडं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर ज्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅब (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांच्या कार्यशाळा) झाल्या त्यांतली एक पाबळला आहे. वेल्डिंग आणि लेझर कटर एकाच आवारात. तेव्हा हे 'पाना की सेन्सर' भांडण आम्ही तरी कधीच सोडवलेलं आहे.

सातवी_ब_च्या_बाई

शिरूरकर, पाबळबद्दल आदरच आहे. पण तो अभ्यासक्रम शाळांत आठवी ते दहावीला चालतो. प्रश्न त्याच्या खालच्या वर्गांचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायचे, असं लिहिलंय. कागदावर छान आहे. गावातला सुतार मात्र विचारतो, 'बाई, चाळीस पोरं माझ्या पटाशीजवळ उभी करणार, कुणाचं बोट गेलं तर जबाबदार कोण?' मी काय सांगू?

उसवण ताईंचं मात्र पटलं. मशीन शाळेत आहे, कोपऱ्यात धूळ खात, पट्टा तुटलेला. लॅबमधल्या पोरांना तोच प्रकल्प द्यायला हरकत नाही.

पानापक्कड

बरं. उसवण ताईंच्या मशीनला माझी काडीची हरकत नाही, त्यात आटे, दाते, टेन्शन सगळं आलं. फक्त क्लासवाल्यांच्या कानावर घालू नका, नाहीतर 'स्मार्ट शिवण किट' म्हणून महागात विकतील. ताई, माझ्या पोरांना शिकवायला पाठवता का तुमची नववी नापास मुलगी?

बाईंनी टिंकरिंग लॅबची बाजू मांडली, ठीक आहे. लॅब बंद करा असं मी कुठेच लिहिलं नव्हतं, तरी त्यांना तसं वाचायचं असेल तर वाचोत. पण किटवरचं मत मी बदलत नाही. लेगोने आपलं माइंडस्टॉर्म्स हे रोबोट किट २०२२च्या शेवटी बंद केलं. ज्यांनी शाळांत त्यावर पैसा ओतला त्यांना आता सुट्या भागांसाठी शोधाशोध करावी लागते. पक्कड कुणी बंद करत नाही.

आता एवढंच सांगा, हे सगळं वेळापत्रकात बसवायचं कुठे? कार्यानुभवाचा तास तर गणितवाले आधीच खाऊन टाकतात.

सातवी_ब_च्या_बाई

आमच्याकडे शुक्रवारी शेवटचे दोन तास एकत्र करून बघितले, बरं जमलं. एक तास पीटीचा घेतला, मुलं तशीही मैदानावर नुसती फिरत असतात.

शिट्टी

एवढा वेळ गप्प वाचत होतो. मी पीटीचा शिक्षक. गणितवाले तास घेतात, सहामाही आली की इंग्रजीवाले घेतात, स्नेहसंमेलन आलं की नाचवाले घेतात. आता इंजिनिअरिंगवाले पण? बाई, पट्टा तुटलेलं मशीन दुरुस्त करा, त्यावर ब्लाउज शिवा, प्रिंटरवर बटणं छापा, जे करायचं ते करा. शुक्रवारचा तो तास मात्र आधी परत द्या.