'ग्रॅज्युएट सर्टिफिकेट'ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, एक शब्द अडलाय. मी टेक्निकल कम्युनिकेशनमधलं (म्हणजे यंत्रांच्या माहितीपुस्तिका वगैरे वाचणाऱ्याला कळतील अशा तयार करणं) ग्रॅज्युएट सर्टिफिकेट करतेय, अमेरिकेतल्या विद्यापीठाचं, ऑनलाइन, नोकरी सांभाळून. मध्यंतरी एका शिष्यवृत्तीचा अर्ज मराठीत भरायचा होता, तिथे अभ्यासक्रमाच्या नावापुढे मी 'तांत्रिक संवाद पदवी प्रमाणपत्र' लिहून मोकळी झाले. अर्ज परत आला, वर शेरा, "पदवी प्रमाणपत्राची प्रत जोडलेली नाही. अभ्यासक्रमाचे नाव लिहावे." म्हणजे त्यांना वाटलं मी माझ्या डिग्रीच्या कागदाबद्दल बोलतेय. त्यांची काही चूक नाही, मराठीत त्या दोन शब्दांचा अर्थ तोच होतो. पण मग बरोबर काय लिहायचं? आणि 'तांत्रिक संवाद' तरी बरोबर आहे का? वाचताना दोन मशीन एकमेकींशी गप्पा मारतायत असं वाटतं.

---

गोची 'ग्रॅज्युएट' या शब्दात आहे. आपण "तो ग्रॅज्युएट आहे" म्हणतो तेव्हा बीए-बीएस्सी झालेला माणूस म्हणतो, म्हणजे पदवीधर. अमेरिकेत शिक्षणाच्या आधी तोच शब्द लागला की अर्थ होतो पदवीच्या पुढचं. ग्रॅज्युएट स्कूल, ग्रॅज्युएट कोर्स, सगळं पदवीनंतरचं. म्हणून तुमच्या कोर्सला 'पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम' म्हणा, आणि शेवटचा 'अभ्यासक्रम' अजिबात गाळू नका, तो गाळला की वाचणारा परत कागदच शोधायला लागतो.

पण हे भाषांतर सगळीकडे चालेल असं समजू नका बरं का. इंग्लंडमधे शैक्षणिक पात्रतांच्या पायऱ्या ठरवणारी जी चौकट आहे तिच्यात ग्रॅज्युएट सर्टिफिकेट ६ व्या पातळीवर आहे, म्हणजे ऑनर्स पदवीच्याच पातळीवर, आणि पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट ७ व्या. तिथलं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट पदवीधरांसाठी असतं खरं पण अभ्यास पदवीच्या पातळीचा, त्याला 'पदव्युत्तर' म्हटलं तर फुगवून सांगितल्यासारखं होईल. ऑस्ट्रेलियात मात्र ते ८ व्या पातळीवर, बॅचलर ७ आणि मास्टर्स ९ यांच्या मधे. शब्द एकच, देश बदलला की पायरी बदलते.

---

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त 'पदविका' लिहायचा मोह टाळा. पदविका म्हणजे डिप्लोमा. अमेरिकेतल्या सर्टिफिकेटला साधारण १२ ते १८ क्रेडिट असतात (क्रेडिटला 'श्रेयांक' हा शब्द आता चांगला रुळलाय), मास्टर्सला ३०-३६ च्या आसपास, आणि बऱ्याच ठिकाणी हे श्रेयांक पुढे मास्टर्समधे धरले जातात, ते आधी विचारून घ्या.

दुसरं, 'सर्टिफिकेट' आणि 'सर्टिफिकेशन' मराठीत दोन्ही 'प्रमाणपत्र' होतात आणि तिथेही घोळ होतो. सर्टिफिकेट म्हणजे विद्यापीठात बसून केलेला अभ्यास, तो एकदा झाला की झाला. सर्टिफिकेशन म्हणजे व्यावसायिक संस्थेने परीक्षा घेऊन दिलेली मान्यता, तिचं बहुतेक वेळा नूतनीकरण करावं लागतं. याच क्षेत्रात अमेरिकेतली १९५३ पासूनची एसटीसी (सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन) ही संस्था असं सर्टिफिकेशन द्यायची, २०२५ च्या सुरुवातीला ती बंद झाली. मी या दुसऱ्याला 'प्रमाणन' म्हणतो. ऐकायला जड आहे पण फरक कळतो.

---

'कम्युनिकेशन'बद्दल. 'दळणवळण' नको, त्यात रस्ते आणि रेल्वे येतात. 'संपर्क' म्हटलं की फोन नंबर आठवतो. 'संवाद' दोन्ही बाजूंनी बोलणं असेल तिथे शोभतो, पण माहितीपुस्तिका वाचणारा माणूस एकटाच यंत्रासमोर बसलेला असतो, त्याला उलट विचारायची सोय नसते. विद्यापीठांत 'संज्ञापन' चालतो आणि मला तोच पसंत आहे, कारण त्यात समोरच्याला कळवणं, जाणीव करून देणं आहे.

'तांत्रिक' मात्र मला खटकतो. "तांत्रिक कारणामुळे" म्हटलं की मराठी माणूस कुणीतरी काहीतरी लपवतंय असंच समजतो, आणि मंत्र-तंत्रवाला तांत्रिक वेगळाच. 'तंत्रसंज्ञापन' असा जोडशब्द करून बघा. 'तांत्रिक लेखन' म्हणून भागणार नाही, लेखन हा त्यातला एक तुकडा झाला, आकृत्या, संपादन, माहितीची रचना, वाचणाऱ्याला खरंच जमतंय का ते तपासणं हे सगळं त्यात येतं.

---

मनापासून आभार. नवीन अर्जात 'तंत्रसंज्ञापन : पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम' असं लिहिलं आणि खाली इंग्रजी नाव देवनागरीत दिलं.

आता अजून एक विचारते, कारण हे शब्द माझ्या रोजच्या कामातले आहेत. कोर्समधे एका कापणीयंत्राच्या सुरक्षेचं पान लिहायचं होतं. धोक्याच्या पाट्या आणि सूचना कशा लिहायच्या हे सांगणाऱ्या अमेरिकेच्या झेड ५३५ मानकात सूचनेच्या वर लिहायचे चार शब्द ठरलेले आहेत. 'डेंजर' म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. 'वॉर्निंग' म्हणजे तेच, पण होऊ शकेल. 'कॉशन' म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकेल. आणि 'नोटिस' म्हणजे माणसाला काही नाही, वस्तूचं नुकसान. मी ते पान हौसेने मराठीत करायला घेतलं आणि आधीची काही मराठी पुस्तिका-पानं काढून बघितली तर पात्याजवळ बोट नेऊ नका याच्यावरही 'सावधान' आणि ओल्या फडक्याने पुसू नका याच्यावरही 'सावधान'! बोट तुटणं आणि रंग उडणं एका मापाचं कसं असेल? वाचणारा दोन पानांत त्या शब्दाकडे बघायचंच सोडून देतो.

मी 'धोका', 'इशारा', 'खबरदारी' हे तीन ठरवलेत. चौथ्याला अडले. 'सूचना' म्हणावं तर अख्खं पानच सूचनांचं आहे, त्यात ही वेगळी कशी कळणार?

---

तीन छान आहेत. 'खबरदारी' तर फारच योग्य, 'सावधान'मधे जी दचक आहे ती किरकोळ इजेला लागत नाही.

चौथ्याला 'जपून' कसा वाटतो? काचेच्या सामानाच्या खोक्यावर 'जपून हाताळा' लिहितात तिथे काळजी वस्तूचीच असते. माणसालाही आपण "जपून जा" म्हणतो हे खरं, पण ठळक अक्षरात 'यंत्र जपा' असं लिहिलंत तर तीही शंका राहणार नाही.